नगरातील गुन्हेगारी : फांदी आणि मूळ

१९८२ सालच्या जानेवारी महिन्यातील दोन तारखा मुंबईच्या इतिहासात एकमेकींपासून अवघ्या एका आठवड्याच्या अंतरावर उभ्या आहेत. ११ जानेवारी रोजी वडाळ्यात मन्या सुर्वे हा गुंड पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. मुंबई पोलिसांची पहिली गाजलेली चकमक म्हणून ती आजही सांगितली जाते. त्यानंतर सातच दिवसांनी, १८ जानेवारी रोजी, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली शहरातील साठाच्या आसपास गिरण्यांमधील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पहिल्या घटनेने शहराने सुटकेचा नि:श्वास टाकला. दुसऱ्या घटनेची नोंद 'औद्योगिक तंटा' या सदराखाली झाली आणि तिचा गुन्हेगारीशी काही संबंध असेल, अशी शंकाही तेव्हा फारशा कोणाला आली नाही. आज चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर मात्र असे म्हणावेसे वाटते की, मुंबईतील गुन्हेगारीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने पहिल्यापेक्षा दुसऱ्या तारखेखाली जाड रेघ ओढली पाहिजे. पहिल्या तारखेला एक फांदी तुटली. दुसऱ्या तारखेपासून जमिनीखाली मुळे पसरू लागली.

एखादी निर्घृण हत्या झाली, भरवस्तीत लूट झाली, की अधिक पोलिस हवेत, कठोर कायदे हवेत, पोलिसांना मोकळीक हवी, अशा मागण्या सर्व बाजूंनी होऊ लागतात. त्या अस्वाभाविक म्हणता येणार नाहीत. गुन्हेगारीचा खरा चटका बसतो तो सामान्य माणसालाच. श्रीमंताला पहारेकरी ठेवता येतात, कारकुनाला किंवा शिक्षकाला ती सोय नसते. तेव्हा अपराध्याला शासन झालेच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यापुढचा. एक गुंड संपला की त्याची जागा घेणारा दुसरा इतक्या लवकर कोठून येतो? हा प्रश्न टाळून गुन्हेगारीचा विचार करणे म्हणजे गळक्या छपराखाली भांडी मांडत राहण्यासारखे आहे.

दारिद्र्याचे सोपे उत्तर

या प्रश्नाचे एक ठरावीक उत्तर आपल्याकडे तयार असते : दारिद्र्य. वरवर पाहता ते सहानुभूतीचे वाटते. वस्तुत: ते गरिबांवर अन्याय करणारे आहे. संपाचेच उदाहरण घ्यावे. अडीच लाख कुटुंबांचे वेतन एकाएकी बंद झाले. कोणी कोकणात, कोणी साताऱ्या-सांगलीकडे परतले. ज्यांना परतायला जमीन नव्हती, त्यांनी भाजी विकली, रखवालदारी केली. घरच्या बायकांनी पोळ्या लाटल्या, खानावळी चालवल्या, दुसऱ्यांची धुणीभांडी केली. अंगावरचे किडुकमिडुक मोडले. पण बहुसंख्यांनी कायदा मोडला नाही. टोळ्यांकडे वळलेल्या तरुणांची संख्या या अफाट समुदायाच्या मानाने फारच थोडी होती. उपासमार माणसाला गुन्हेगार बनवते हे खरे असते, तर मध्य मुंबईत त्या काळात एकही दुकान शाबूत राहिले नसते. उलट, १९९२ साली उघडकीस आलेल्या रोखे घोटाळ्यातील माणसे काही अर्धपोटी नव्हती.

मग गुन्हेगारी रुजते तरी कशी? मुंबईचा अनुभव असे सांगतो की, त्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, लोकांची एखादी साधी गरज भागवण्याचा कायदेशीर मार्ग बंद किंवा अतिशय अरुंद असणे. दुसरी, ती गरज भागवणारा बेकायदा मार्ग सताड उघडा असणे. आणि तिसरी, त्या मार्गावर ज्याने पहारा करायचा त्याचाच त्यात वाटा असणे. दारिद्र्य या तिन्हींना खतपाणी घालते. परंतु बी तेथे पडलेले नसते.

निषिद्ध वस्तूंचा बाजार

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दारूने धुळीला मिळालेले संसार ज्यांनी पाहिले होते, त्यांनी तो कायदा केला. परंतु कायद्याने पिणाऱ्याची तहान गेली नाही. फक्त दुकान बदलले. खाडीच्या काठी, दलदलीत, झोपड्यांच्या आडोशाला हातभट्ट्या पेटल्या. गूळ, नवसागर आणि टायरच्या नळ्या यांवर एक मोठा धंदा उभा राहिला. भट्टी लावणारा, माल पोहोचवणारा, अड्डा चालवणारा आणि या सर्वांकडून हप्ता घेणारा, अशी त्याची साखळी होती. वरदराजन मुदलियारसारख्या माणसाचे साम्राज्य उभे राहिले ते मुख्यत्वे याच धंद्यावर. पुढे यथावकाश परवान्यांची पद्धत सैल झाली. पण दारूबंदीच्या वर्षांत पोलिस चौकी आणि अड्डा यांच्यात जे नाते जुळले होते, ते कायदा सैल झाला म्हणून सुटले नाही. गुन्हेगारीच्या इतिहासात दारूबंदीचे खरे महत्त्व येथे आहे. हप्ता हा अपवाद न राहता रिवाज झाला तो या काळात. या नात्याची किंमत पुढेही सर्वांत गरीब माणसानेच मोजली : २०१५ च्या जून महिन्यात मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

सोन्याची कथा याहून बोलकी आहे. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी तर १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यासही मनाई केली, आणि १९६८ साली त्याचा स्वतंत्र कायदा झाला. ज्या देशात मुलीचे लग्न सोन्याच्या मण्यावाचून होत नाही, तेथे हा कायदा पाळला जाणे शक्यच नव्हते. हजारो प्रामाणिक सोनारांची शेगडी विझली आणि त्याच वेळी अरबी समुद्रातून येणाऱ्या गलबतांना सुगीचे दिवस आले. परदेशातील आणि येथील भावांत असलेली तफावत हीच तस्कराची मिळकत. हाजी मस्तान हे नाव घरोघर पोहोचले ते या तफावतीमुळे. आणीबाणीत त्याला स्थानबद्ध करण्यात आले, इतरही अनेकांना करण्यात आले. पण भावांतील तफावत तुरुंगात घालता आली नाही, त्यामुळे धंदा थांबला नाही.

तो मंदावला केव्हा? १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला आणि १९९२ साली अनिवासी भारतीयांना शुल्क भरून सोने आणण्याची मुभा मिळाली, तेव्हा. जे काम पोलिसांना आणि सीमाशुल्क खात्याला तीस वर्षांत साधले नव्हते, ते सरकारच्या एका आर्थिक निर्णयाने पुष्कळ अंशी साधले. याचा उलटा पुरावाही उपलब्ध आहे. २०१३ साली आयात शुल्क १० टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आले, तशी विमानतळांवर पकडल्या जाणाऱ्या सोन्याच्या बातम्यांनी वृत्तपत्रांचे रकाने पुन्हा भरू लागले. मूळ कोठे आहे हे याहून स्पष्टपणे सांगणारा दाखला क्वचितच सापडेल.

सोन्याकडून जमिनीकडे

तथापि येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. एकदा उभी राहिलेली टोळी तिचा मूळ धंदा बसला म्हणून विसर्जित होत नाही. तिच्यापाशी माणसे असतात, हत्यारे असतात, ओळखी असतात. ती दुसरे भक्ष्य शोधते. सोन्यासाठी रुळलेले सागरी मार्ग आणि त्या मार्गांवर डोळेझाक करण्याची लागलेली सवय यांचा भयंकर परिणाम १२ मार्च १९९३ रोजी मुंबईने भोगला. त्या दिवशीच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे प्राणांस मुकली. स्फोटके उतरली होती ती रायगडच्या किनाऱ्यावर. आणि पुढे न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी व पोलिसही होते. सोन्याच्या पेट्यांकडे काणाडोळा करणाऱ्याला पेटीत या वेळी काय आहे, हे विचारण्याचा अधिकार उरत नाही. भ्रष्टाचाराला 'किरकोळ' म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावे.

टोळ्यांना नवे भक्ष्य मिळाले ते मुंबईच्या जमिनीत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला त्याची गरज होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तात्पुरती तरतूद अर्धशतक टिकली. भाड्यातून डागडुजीही होईना, म्हणून घरमालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. नवी भाड्याची घरे बांधणे जवळजवळ थांबले. पागडी नावाचा समांतर व्यवहार सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची सुमारे ४२ टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत असल्याचे आढळले. कायदेशीर घर न मिळणारा माणूस झोपडी घेतो ती 'दादा'कडून. पाण्याची नळजोडणी, विजेची तार, शौचालयाची किल्ली हेही त्याच्याच हाती. आणि घरमालक-भाडेकरूचा दावा न्यायालयात वीस-वीस वर्षे चालतो म्हटल्यावर जागा 'खाली करून देणारा' माणूस बाजारात उपलब्ध होणारच. सुपारी हा शब्द विडा-पानाच्या तबकातून उचलून पोलिस पंचनाम्यात नेऊन ठेवणाऱ्या परिस्थितीत न्यायालयांतील दिरंगाईचा वाटा मोठा आहे. गुंडांचे 'दरबार' भरत, तेथे माणसे धाकाने जात तशीच निकाल लागतो म्हणूनही जात, ही गोष्ट न्यायव्यवस्थेने मनाला लावून घ्यावी अशी आहे.

गिरणगावचा धडा

आता पुन्हा १९८२ कडे वळू. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. वर्षभरानंतर काही गिरण्या सुरू झाल्या, काही कायमच्या थंडावल्या, आणि सहस्रावधी कामगारांना पुन्हा आत घेण्यात आले नाही. त्यांतही बदली कामगाराची स्थिती सर्वांत बिकट. दाराशी उभे राहून त्या दिवशीचे काम मिळते का हे पाहणाऱ्या या माणसाला ना भरपाई, ना हक्क.

अशा एखाद्या घरातील अठरा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. लालबाग, परळ, नायगाव, करी रोड असा कोणताही पत्ता चालेल. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे. वडील तीन पाळ्यांच्या भोंग्यावर जगलेले. त्यांच्या शब्दाला घरात वजन होते ते साच्यावर उभे राहून मिळवलेल्या पगारामुळे. तो पगार गेला तसे वजनही गेले. एरवी बापामागून मुलगा गिरणीत लागायचा. जॉबरच्या ओळखीने, काकाच्या चिठ्ठीने. ती वाट बंद. शाळा अर्ध्यावर सुटलेली. गिरणगावात व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, भजनी मंडळे, रात्रशाळा, कामगार वस्तीतील वाचनालये यांचे दाट जाळे होते. मुलगा कोठे उभा आहे, कोणाबरोबर उभा आहे, हे चाळीतील दहा घरांना ठाऊक असायचे. ही सर्व व्यवस्था कामगाराच्या वर्गणीवर आणि उरलेल्या वेळेवर चालत होती. वर्गणी आटली तशी ती कोमेजली. आणि मंडळाला मोठी देणगी देणारा, मुलांच्या हाती पैसे ठेवणारा, पोलिसांकडून सोडवून आणणारा एक नवा आश्रयदाता नाक्यावर अवतरला. वडिलांना जी प्रतिष्ठा साऱ्या आयुष्यात मिळाली नाही, ती त्याच्या मोटारीभोवती उभ्या असलेल्या पोरांना एका रात्रीत मिळत होती. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने हीच शोकांतिका रंगभूमीवर आणली. ज्यांनी ते पाहिले, त्यांना हे वर्णन अतिशयोक्त वाटणार नाही.

याच सुमारास नियतीने आणखी एक खेळी केली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. जमिनीचा एकेक तृतीयांश हिस्सा महापालिका, म्हाडा आणि मालक यांत वाटला जावा, अशी मूळ योजना होती. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता राहिला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. म्हणजे सोन्यातील नफा आटत असताना, शहराच्या मध्यभागी शेकडो एकर जमीन बाजारात येत होती. आणि तिच्या अवतीभवती बेकार तरुणांचे तांडे उभे होते. १९९४ साली सुनीत खटाव या गिरणीमालकाची भरदिवसा हत्या झाली. १९९७ च्या जानेवारीत खुद्द डॉ. सामंत यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. दगडी चाळीतील अरुण गवळी २००४ साली विधानसभेवर निवडून गेला आणि २०१२ साली एका नगरसेवकाच्या हत्येबद्दल त्याला जन्मठेप झाली. एका उद्योगाचा अंत नीट हाताळला गेला नाही, म्हणजे त्याची किंमत कोठकोठे आणि किती वर्षे मोजावी लागते, हे या घटनांवरून दिसते.

'परके' आणि 'जन्मजात'

गुन्हेगारीचे खापर परप्रांतातून आलेल्यांवर फोडण्याची सवयही आपण सोडली पाहिजे. ज्यांच्या नावाने मुंबई थरथरत असे, त्यांतील बहुतेक येथेच लहानाचे मोठे झाले. दाऊद इब्राहिमचे वडील मुंबई पोलिस दलात हवालदार होते. छोटा राजनने आरंभ केला तो चेंबूरच्या एका चित्रपटगृहाबाहेर तिकिटांच्या काळ्या बाजारापासून. मन्या सुर्वे महाविद्यालयात शिकलेला होता. रक्ताचा आणि प्रांताचा सिद्धान्त येथे टिकत नाही.

त्याहून क्रूर आहे तो जन्मजात गुन्हेगारीचा समज. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींवर तो शिक्का मारला. स्वतंत्र भारताने १९५२ साली तो कायदा रद्द केला. परंतु मुंबई-पुण्याच्या सिग्नलवर फुले विकणारे पारधी मूल आजही शहरात चोरी झाली की प्रथम संशयाच्या कक्षेत येते. ज्याला कोणी कामावर ठेवत नाही, शाळेत बसू देत नाही आणि पोलिस कधीही उचलतात, त्याच्यासमोर प्रामाणिकपणाचा कोणता फायदा आपण ठेवला आहे? समाजाने अगोदर दार लावून घ्यायचे आणि मग तो खिडकीतून आला म्हणून त्याला चोर म्हणायचे, हा न्याय नव्हे.

दंडशक्तीची मर्यादा

चकमकींच्या दोन दशकांनी काय साधले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. टोळ्यांचा उघड वावर कमी झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याच काळात १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा आला होता, अर्थव्यवस्था बदलत होती. चित्रपटसृष्टीचे उदाहरण मुद्दाम आठवावे. बँका कर्ज देत नसल्यामुळे निर्माते अंधाऱ्या भांडवलाकडे वळत. १९९७ साली गुलशनकुमार यांची हत्या झाली. १९९८ साली या व्यवसायाला उद्योगाचा दर्जा मिळाला आणि पुढे संस्थात्मक भांडवलाची दारे उघडली, तशी टोळ्यांची पकड ढिली होत गेली. गोळीइतकेच बँकेच्या धनादेशानेही काम केले. फक्त त्या धनादेशाला पदके मिळाली नाहीत.

उलट चकमकीने पोलिस दलाला लावलेली कीड दूरगामी ठरली. २००६ सालच्या एका चकमकीबद्दल २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप ठोठावली. कायद्याबाहेर जाऊन मारण्याची मुभा ज्याला मिळते, तो कोणासाठी मारतो हे पुढे कोणीच विचारू शकत नाही.

१९८२ मधील तिसरी एक तारीख येथे आठवते. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी मुंबईच्या पोलिस शिपायांनी बंड केले आणि लष्कराला पाचारण करावे लागले. शिपाई आणि गिरणी कामगार यांची घरे वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतून शेजारी शेजारी होती. एकाच जिल्ह्यातून आलेली, एकाच नळावर पाणी भरणारी ही माणसे. गुन्हेगारीविरुद्धच्या लढाईत ज्याला आपण पहिल्या फळीत उभे करतो, त्याचे घर, त्याचे तास आणि त्याचा मान यांचा विचार आपण किती केला? २०१६ साली मुंबईत देवनार पोलिस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही स्वातंत्र्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ उलटल्यावर.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, जे कायदे पाळले जाणे अशक्य आहे आणि ज्यांचा उपयोग केवळ हप्त्यासाठी होतो, त्यांची छाननी झाली पाहिजे. मुंबईत फेरीवाल्यांना नवे परवाने देणे कित्येक दशके जवळपास बंद होते. परवाना नसलेला फेरीवाला रोज कोणाला ना कोणाला पैसे देतोच. तेच पैसे शुल्क म्हणून महापालिकेच्या तिजोरीत का जाऊ नयेत? २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्याची मनापासून अंमलबजावणी हा गुन्हेगारीविरोधी कार्यक्रमच आहे. भाड्याने मिळणारी छोटी घरे आणि सुलभ कर्ज यांनाही हेच लागू आहे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून खानावळवाल्या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराच्या फासातून सोडवले. एकाही पोलिसाला न बोलावता केलेला हा बंदोबस्त होता.

दुसरी गोष्ट, न्याय वेळेवर मिळाला पाहिजे. देशातील न्यायालयांत पाच कोटींच्या आसपास खटले तुंबले आहेत. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचा अपराध सिद्ध झालेला नव्हता. जामिनाचे चार पैसे नाहीत म्हणून आत राहिलेला विशीतील मुलगा तुरुंगात सराईतांच्या सहवासात जे शिकतो, ते त्याला बाहेर कोणी शिकवले नसते. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने शिक्षेच्या कमाल मुदतीचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर काही अपवाद वगळता त्याला सोडावे, अशी तरतूद २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत आहे. ती प्रत्येक तुरुंगात पोहोचवणे हे वकिलांचे आणि विधिसेवा संस्थांचे काम. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कोठडीतील आणि सुटून आलेल्या माणसांसाठी काम करीत आहे. अशा कामाला सरकारने दयाधर्म न समजता सुरक्षेवरचा खर्च समजावे. आणि कायदा सर्वांना सारखाच दिसला पाहिजे. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात एका धनिकपुत्राच्या मोटारीखाली दोन तरुण ठार झाले आणि प्रथम त्याला अपघातावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला. ते वृत्त झोपडपट्टीतील, निरीक्षणगृहातील मुलांनीही वाचले असेलच.

तिसरी गोष्ट पोलिसांविषयी. १९८४ च्या दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे या पोलिस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. लोक आणि चौकी यांच्यात विश्वास असेल, तर अघटित घडण्यापूर्वी कळते. २००६ साली प्रकाशसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्यांना निश्चित मुदत, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करणे, तक्रार प्राधिकरण असे आदेश दिले. त्यांचे शब्द राज्यांनी स्वीकारले. त्यांतील हेतूला मात्र सत्ताधाऱ्यांनी, पक्ष कोणताही असो, अंतरावरच ठेवले. कारण उघड आहे. व्होरा समितीने १९९३ साली गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या संगनमताकडे बोट दाखवले होते; २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ सदस्यांनी आपल्यावरील फौजदारी खटले स्वत:च प्रतिज्ञापत्रात नमूद केले. यांतील सर्वच खटले गंभीर नसतील. पण आकडा विचार करायला लावणारा आहे, आणि त्यांना निवडून देणारे आपणच आहोत.

नवे गिरणगाव

हा सर्व इतिहास झाला, असे कोणी म्हणू नये. गलबते गेली, भोंगे थांबले, परंतु ती तीन कारणे जागच्या जागी आहेत. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. यांतील पदवीधर मुले वर्षानुवर्षे अभ्यासिकेत बसतात, वय वाढत जाते, गावी परतायची लाज वाटते. कायदेशीर वाट अरुंद होण्याचे याहून ठळक चित्र कोणते? त्याच वेळी दूरध्वनीवरून निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी लुबाडणाऱ्या टोळ्यांना नवी माणसे हवी असतात. आपले बँक खाते काही दिवस वापरायला दिले, तर बसल्या जागी पैसे मिळतात, असे सांगणारा मित्र आज महाविद्यालयाच्या कट्ट्यावर भेटतो. नोकरीच्या आमिषाने कंबोडिया आणि म्यानमारमध्ये नेऊन भारतीय तरुणांना अशा फसवणुकीच्या कामाला जुंपल्याच्या घटना उघड झाल्या आहेत. लुटणारा पोरगा आणि लुटला गेलेला गुरुजी कदाचित एकाच शाळेतले असतील.

म्हणूनच हा विषय केवळ गृहखात्यावर सोपवून भागणार नाही. आठवीच्या वर्गातून दिवाळीनंतर न परतलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी त्याच्या घरी एकदा जाणारा शिक्षक, दाखल्यासाठी आलेल्या पारध्याला चौथा हेलपाटा न घालायला लावणारा कारकून, वस्तीतील अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी बसणारा विद्यार्थी, यांच्या कामाची नोंद गुन्हेगारीच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही. न घडलेल्या गुन्ह्याची फिर्याद नोंदवली जात नाही. पण बंद झालेले एखादे दार किलकिले होते ते अशाच हातांनी.

१९८२ च्या जानेवारीत शहराने ११ तारीख लक्षात ठेवली आणि १८ तारखेकडे दुर्लक्ष केले. आजच्या दिनदर्शिकेतही तशी एखादी तारीख असेल. कोठेतरी एखादा कारखाना टाळे लावीत असेल, एखादी भरती रद्द होत असेल, एखादी रात्रशाळा विद्यार्थी नाहीत म्हणून मिटत असेल. वृत्तपत्रात ती बातमी आतल्या पानावर, एका रकान्यात येईल. ती वाचून पान उलटण्यापूर्वी आपण क्षणभर थांबलो आणि या मुलांचे आता काय होणार, असे विचारले, तर वीस वर्षांनंतरची पहिल्या पानावरची बातमी कदाचित टळू शकेल.